संगणक संथ झाला म्हणजे तो भंगारात गेला का?

बटण दाबल्यावर पडदा उजळायला पाच मिनिटे, ब्राउझर उघडायला आणखी दोन, आणि अर्ज भरताना मध्येच सगळे गोठलेले. अनेक घरांतल्या संगणकाचे हे रोजचे चित्र आहे. दुकानात विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘जुना झाला, आता नवा घ्या.’ पण संगणक संथ होणे आणि निकामी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक घरगुती संगणक थोड्या साफसफाईने आणि एखादा सुटा भाग बदलून पुन्हा कामाचे होतात. काय करावे, काय मुळीच करू नये आणि नवा संगणक खरोखर कधी घ्यावा, याचा हा आढावा. यातले बरेचसे उपाय करताना हे पान फोनवर उघडे ठेवून संगणकासमोर बसता येईल.

हा प्रश्न आताच का महत्त्वाचा?

दोन कारणे आहेत. पहिले, २०२०च्या टाळेबंदीत शाळा ऑनलाइन झाल्या आणि हजारो कुटुंबांनी ओढाताण करून लॅपटॉप घेतले. त्यातल्या कमी किमतीच्या यंत्रांत ४ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क ही जोडी सर्रास असे. ‘१ टीबी’ हा आकडा मोठा दिसे, म्हणून तो विकलाही जाई. पण संगणकाचा वेग या आकड्यावर ठरत नाही. ती यंत्रे आता पाच वर्षांची झाली आणि तीच मुले आता अकरावीचे ऑनलाइन प्रवेश, सीईटीचे अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रे यांसाठी त्याच संगणकासमोर बसली आहेत.

दुसरे कारण विंडोज १०चे. मायक्रोसॉफ्टने २९ जुलै २०१५ रोजी आणलेल्या या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर ‘नवा संगणक घ्या’ हा सल्ला अधिकच जोरात मिळू लागला. घरच्या खर्चात हा प्रश्न तीस-चाळीस हजारांचा आहे. म्हणून उत्तर घाईने देऊ नये.

संगणक संथ का होतो?

प्रोसेसर झिजत नाही. पाच वर्षांपूर्वी तो जितकी आकडेमोड करत होता, तितकीच आजही करतो. बदलते ते त्याच्यावरचे ओझे. स्वित्झर्लंडचे संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच हे नोंदवून ठेवले होते : यंत्रे ज्या वेगाने जलद होतात, त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर जड होत जाते. त्याचा पुरावा मायक्रोसॉफ्टच्याच अटींत सापडतो. २००१च्या विंडोज एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम पुरे होती. २०२१च्या विंडोज ११ला किमान ४ जीबी लागते. म्हणजे वीस वर्षांत नुसता संगणक चालू होण्याची गरज ६४ पट वाढली. संकेतस्थळांचेही तसेच. जिथे पूर्वी मजकूर आणि दोन चित्रे असत, तिथे आता आपोआप चालणाऱ्या चित्रफिती आणि जाहिराती असतात.

याशिवाय घरच्या घरी साचत जाणारी कारणे आहेत. संगणक सुरू होताच पार्श्वभूमीवर चालू होणारे अनावश्यक प्रोग्राम, काठोकाठ भरलेली डिस्क, धूळ बसलेला पंखा, एकावर एक घातलेले अँटिव्हायरस, आणि कधी कधी नकली सॉफ्टवेअरबरोबर आलेला घातक प्रोग्राम.

नेमके दुखणे कुठे आहे, हे कसे ओळखावे?

औषध देण्याआधी नाडी पाहावी लागते. त्याचे साधन विंडोजमध्येच आहे आणि ते फुकट आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. खिडकी लहान दिसली तर ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करावे. मग ‘परफॉर्मन्स’ या भागात जावे. तिथे सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांचे आलेख दिसतात. संगणक जेव्हा अडखळत असेल, नेमका तेव्हा कोणता आलेख माथ्याला टेकला आहे, ते पाहावे.

मेमरी सतत ८५-९० टक्क्यांवर असेल, तर रॅम अपुरी आहे. काही विशेष चालू नसतानाही डिस्क १०० टक्क्यांवर अडकून राहत असेल, तर हार्ड डिस्क हीच अडचण आहे. सीपीयू कायम १०० टक्क्यांवर असेल, तर कोणता तरी एक प्रोग्राम त्याला राबवतो आहे. ‘प्रोसेसेस’ या भागात त्याचे नाव सर्वांत वर दिसते. आणि हे तिन्ही शांत असूनही फक्त संकेतस्थळेच हळू उघडत असतील, तर दोष संगणकाचा नाही, इंटरनेटचा आहे. त्याच वायफायवर फोनने तेच पान उघडून पाहावे. फोनवरही रेंगाळले तर राउटरकडे वळावे, लॅपटॉप दुकानात नेऊ नये.

डिस्क कोणत्या प्रकारची आहे हेही याच ठिकाणी कळते. डिस्कच्या नावाखाली ‘एचडीडी’ किंवा ‘एसएसडी’ असे लिहिलेले असते. पुढचा बराचसा निर्णय या तीन अक्षरांवर अवलंबून आहे.

पैसे न खर्चता काय करता येईल?

कशालाही हात लावण्यापूर्वी महत्त्वाची कागदपत्रे आणि फोटो पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल किंवा फायली उघडताना वारंवार चुका येत असतील, तर ती संथ नाही, मरणपंथाला लागली आहे असे समजावे. अशा वेळी बाकीचे उपाय बाजूला ठेवून आधी माहिती वाचवावी.

एक, रीस्टार्ट करा. अनेक जण रोज संगणक बंद करतात आणि तेवढे पुरेसे आहे असे मानतात. पण विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तिच्यामुळे ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सगळे खरोखर नव्याने सुरू होते. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ दिसतो. रोज बंद होणाऱ्या संगणकावरही तिथे कित्येक दिवसांचा आकडा आढळू शकतो. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट ही सवय लावून घ्यावी.

दोन, सुरुवातीची गर्दी कमी करा. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ हा भाग आहे. संगणक सुरू होताच कोणकोणते प्रोग्राम जागे होतात, त्यांची यादी तिथे मिळते. व्हिडीओ कॉलचे अॅप, गेमचे लाँचर, प्रिंटरचा मदतनीस, संगीताचे अॅप यांना पहाटेपासून दारात उभे करण्याचे कारण नाही. नावावर क्लिक करून ‘डिसेबल’ केले की प्रोग्राम काढून टाकला जात नाही. तो फक्त बोलावल्यावर येतो. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाज यांच्याशी संबंधित नोंदी मात्र राहू द्याव्यात.

तीन, डिस्कवर मोकळी जागा ठेवा. ‘सी’ ड्राइव्हमध्ये साधारण १५ ते २० टक्के जागा रिकामी असावी. विंडोजला अद्ययावत होण्यासाठी आणि तात्पुरत्या फायलींसाठी ती लागते. एसएसडीलाही जुनी माहिती आवरून नवी लिहिण्यासाठी मोकळी जागा हवी असते. ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’, त्यातील ‘स्टोरेज’ आणि तिथली ‘टेम्पररी फाइल्स’ ही यादी उघडावी. एक काळजी घ्यावी : या यादीत ‘डाउनलोड्स’ हाही पर्याय असतो. त्यावर खूण केली तर त्या फोल्डरमधले सगळे पुसले जाते. अनेक घरांत निकालपत्रांपासून विमा पॉलिसीपर्यंत सारे काही डाउनलोड्समध्येच पडलेले असते. तो फोल्डर स्वतः पाहूनच आवरावा.

चार, नको असलेले प्रोग्राम काढा. लॅपटॉप विकत घेताना कंपनीने भरलेली चाचणी-आवृत्तीची सॉफ्टवेअर, मुदत संपलेले अँटिव्हायरस, एकदाच वापरलेले पीडीएफ कन्व्हर्टर यांची गरज उरलेली नसते. विशेषतः दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू असतील, तर प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते आणि दोघे एकमेकांच्या पायात पाय घालतात. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीपासून असतो. सामान्य घरगुती वापराला तो पुरेसा आहे.

पाच, ब्राउझर हलका करा. घरच्या संगणकावर बहुतेक काम ब्राउझरमध्येच होते आणि सर्वांत जास्त रॅमही तोच खातो. क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ आणि एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’ ही सोय सुरू करावी; त्यामुळे न पाहिलेले टॅब झोपी जातात. न वापरलेली एक्स्टेन्शन काढून टाकावीत. वीस टॅब उघडे ठेवण्याऐवजी हवी ती पाने बुकमार्क करून ठेवावीत. प्रत्येक संकेतस्थळाने विचारलेल्या ‘नोटिफिकेशन’ला ‘अलाउ’ म्हणायचे टाळावे.

उन्हाळ्यात संगणक जास्त का अडखळतो?

प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची ही मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पंख्याने आत ओढलेली हवाच मुळात गरम असते. त्यात जाळीत धूळ अडकलेली आणि लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवलेला असेल, तर हवेचा मार्ग बंदच होतो. सकाळी बरा चालणारा संगणक दुपारी अर्ध्या तासाने मंदावत असेल आणि पंखा घोंघावत असेल, तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी.

उपाय साधा आहे. लॅपटॉप कठीण, सपाट पृष्ठभागावर ठेवावा. डेस्कटॉपचा डबा भिंतीला चिकटवू नये. वर्षातून एकदा आतली धूळ काढून घ्यावी. डेस्कटॉपचे झाकण वीजपुरवठा काढून घरीही उघडता येते. मऊ ब्रश पुरेसा होतो, ओला फडका वापरू नये. लॅपटॉप मात्र जाणकाराकडून उघडावा. तीन-चार वर्षे झाली असतील तर प्रोसेसरवरचा सुकलेला थर्मल पेस्टचा थर त्याच वेळी बदलून घ्यावा. हे काम किरकोळ खर्चाचे आहे आणि त्याचा परिणाम लगेच जाणवतो.

रॅम वाढवल्याने फरक पडतो का?

अपुरी असेल तर पडतो, पुरेशी असेल तर पडत नाही. स्वयंपाकघराचे उदाहरण घ्या. रॅम म्हणजे ओटा आणि डिस्क म्हणजे कोठीची खोली. ओटा लहान असला की दर पदार्थाला एक डबा आत नेऊन ठेवायचा आणि दुसरा बाहेर आणायचा, यातच वेळ जातो. संगणकही रॅम भरली की तिच्यातली काही माहिती डिस्कवर ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. डिस्क जुन्या पद्धतीची असेल, तर ही ने-आण फार महागात पडते.

४ जीबी रॅमपैकी निम्मी किंवा त्याहून अधिक विंडोज स्वतःच व्यापते. उरलेल्यात ब्राउझर, व्हॉट्सअॅप आणि वर्ड एकत्र मावत नाहीत. आज घरच्या वापराला ८ जीबी हा सोयीचा आकडा आहे. व्हिडीओ संपादन किंवा जड सॉफ्टवेअर असेल तर १६ जीबी. टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’वर क्लिक केले की ‘स्लॉट्स यूज्ड’ ही नोंद दिसते. तिथे ‘१ ऑफ २’ असे असेल तर एक जागा रिकामी आहे. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ असे लिहिलेले असेल, तर रॅम मदरबोर्डवर डाखलेली आहे. ती काढून बदलता येत नाही. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ हे प्रकार एकमेकांच्या जागी बसत नाहीत, म्हणून दुकानात जाण्यापूर्वी मॉडेल क्रमांक लिहून न्यावा.

एसएसडीचा एवढा गवगवा का?

कारण जुन्या संगणकाला सर्वांत मोठा वेग याच एका बदलाने मिळतो. हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरत असते. लॅपटॉपमध्ये तिचा वेग बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे असतो, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती माहिती वाचण्यासाठी आतला हात योग्य रेषेवर जातो आणि तबकडीचा योग्य भाग खाली येण्याची वाट पाहतो. नुसत्या वाट पाहण्यातच सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जातात; हात हलवण्याचा वेळ त्याहून अधिक. त्यामुळे अशी डिस्क इकडेतिकडे विखुरलेली माहिती सेकंदाला जेमतेम शंभर वेळा वाचू शकते. विंडोज सुरू होताना अशा हजारो लहान नोंदी लागतात. समजा चार हजार लागल्या, तर नुसत्या वाचनातच चाळीस सेकंद गेले.

एसएसडीमध्ये फिरणारे काही नाही. माहिती चिपमध्ये असते आणि साधी एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो नोंदी सहज वाचते. सलग मोठी फाइल वाचतानाही हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबीच्या आसपास थांबते, तर साटा प्रकारची एसएसडी पाचशे एमबीपर्यंत जाते. म्हणूनच दहा वर्षांच्या डेस्कटॉपलाही एसएसडी लावली, की मिनिटांची वाट सेकंदांवर येते.

किती मोठी घ्यावी? विंडोज, प्रोग्राम आणि रोजची कागदपत्रे यांना २५६ जीबी पुरते. फोटो आणि व्हिडीओ जुन्या हार्ड डिस्कवर ठेवता येतात. डेस्कटॉपमध्ये दोन्ही डिस्क बसतात. लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल, तर तो काढून तिथे ‘कॅडी’त जुनी डिस्क बसवतात, काही लॅपटॉपांत एम.२ एसएसडीसाठी वेगळी जागाही असते. यातले काही शक्य नसेल तर जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून यूएसबीने जोडावी आणि बॅकअपसाठी वापरावी. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एसएसडीवर उतरवता येते. त्याला क्लोनिंग म्हणतात. त्यामुळे प्रोग्राम पुन्हा घालावे लागत नाहीत.

खर्चाबाबत एक सावधगिरी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्याने २०२५च्या अखेरीपासून मेमरीच्या किमती चढल्या आहेत. त्यामुळे जुने भाव गृहीत धरू नयेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो वा गावातले दुकान, दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी. तरीही नव्या लॅपटॉपच्या तुलनेत हा खर्च लहानच राहतो. रॅम आणि एसएसडी यांपैकी एकच परवडणार असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच माथ्याला टेकलेली दिसत असेल, तर आधी एसएसडी घ्यावी.

‘फॉरमॅट मारणे’ कितपत योग्य?

संगणक संथ झाला की ‘फॉरमॅट मारून देतो’ हा गल्लोगल्ली मिळणारा उपाय. तो कधी कधी उपयोगी पडतो, पण शेवटचा म्हणून. विंडोजमध्येच ‘रीसेट धिस पीसी’ ही सोय आहे. तिच्यात ‘कीप माय फाइल्स’ निवडले तर आपल्या फायली राहतात आणि प्रोग्राम मात्र पुसले जातात. तरीही बॅकअप घेतल्याशिवाय ते करू नये. शिवाय दुखणे यंत्राच्या भागात असेल, तर फॉरमॅटने दोन आठवडे बरे वाटते आणि पुन्हा ‘ये रे माझ्या मागल्या’.

यात एक मोठा धोकाही आहे. फॉरमॅटनंतर अनेकदा परवाना नसलेले विंडोज आणि ते चालू करणारा ‘अॅक्टिव्हेटर’ घातला जातो. तो चालण्यासाठी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, इथेच शंका यायला हवी. त्याच संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करतो. लॅपटॉपच्या खोक्यावर विंडोज असल्याचे लिहिले असेल, तर त्याचा परवाना बहुधा यंत्राशीच जोडलेला असतो आणि पुन्हा घातल्यावर तो आपोआप ओळखला जातो. दुरुस्ती करणाऱ्याला हे स्पष्ट सांगावे. दुरुस्तीला देण्यापूर्वी ब्राउझरमधले पासवर्ड काढावेत, खात्यांतून बाहेर पडावे आणि डिस्क बदलली तर जुनी डिस्क परत मागून घ्यावी. पुसलेली माहितीही पुन्हा मिळवता येते.

‘एका क्लिकमध्ये वेग वाढवा’ म्हणणारी अॅप घ्यावीत का?

नाही. संगणकात ‘१,२४३ दोष सापडले’ असे लाल अक्षरांत दाखवून पैसे मागणाऱ्या प्रोग्रामांचा धंदा भीतीवर चालतो. ‘रजिस्ट्री’ साफ केल्याने वेग लक्षणीय वाढत नाही आणि चुकीची नोंद पुसली गेली तर विंडोजच बिघडू शकते. अशा साधनांच्या वापराला मायक्रोसॉफ्टही पाठिंबा देत नाही. नावाजलेले साधनही कायम निर्धोक असते असे नाही : २०१७ मध्ये सीक्लीनर या प्रसिद्ध प्रोग्रामच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता. एसएसडी असताना वेगळ्या प्रोग्रामने डीफ्रॅग करण्याचीही गरज नाही; डिस्कचा प्रकार ओळखून विंडोज ते काम स्वतः करते.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे पडद्यावर ‘तुमचा संगणक धोक्यात आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा संदेश. कोणतीही कंपनी असा क्रमांक पडद्यावर झळकवत नाही. फोन केला की समोरची व्यक्ती एक अॅप घ्यायला लावते आणि संगणकाचा ताबा घेते. असा संदेश आला तर ब्राउझर टास्क मॅनेजरमधून बंद करावा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. घरातल्या ज्येष्ठांना हा क्रमांक फोनमध्ये साठवून द्यावा.

विंडोज १० असलेल्यांनी काय करावे?

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर हे संगणक बंद पडले नाहीत, पण त्यांना नियमित सुरक्षा सुधारणा मिळणे थांबले. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा सुधारणांची योजना जाहीर केली. मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला तर त्यासाठी पैसे लागत नाहीत. ‘सेटिंग्ज’मधील ‘विंडोज अपडेट’ या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो.

विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. टाळेबंदीत घेतलेले बरेच लॅपटॉप या अटीत बसतात. मात्र ४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क तशीच ठेवून त्यावर विंडोज ११ चढवले, तर संगणक आणखी मंदावेल. आधी एसएसडी, मग विंडोज ११ हा क्रम ठेवावा.

जे संगणक या अटीत बसत नाहीत, त्यांना लिनक्सचा पर्याय आहे. लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली विंडोजची सवय असलेल्यांना परकी वाटत नाही. पेन ड्राइव्हवरून सुरू करून, संगणकातले काहीही न पुसता ती आधी चालवून पाहता येते. ब्राउझर, ई-मेल, व्हिडीओ, लिब्रेऑफिसमधली कागदपत्रे आणि इनस्क्रिप्ट कळफलकावर युनिकोड मराठी टंकलेखन हे सगळे त्यावर होते. ज्यांचे काम जुन्या फाँटच्या श्रीलिपीसारख्या प्रणालींवर, विंडोजवरच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर किंवा डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनवर अवलंबून आहे, त्यांनी मात्र आधी खात्री करून घ्यावी.

मग नवा संगणक कधी घ्यावा?

मदरबोर्ड गेला असेल, सुटा भाग मिळत नसेल, रॅम डाखलेली आणि अपुरी असेल, किंवा दुरुस्तीचा एकूण खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल, तर नव्याचा विचार करावा. घेताना डिस्क एसएसडीच आहे ना, रॅम किमान ८ जीबी आहे ना, आणि पुढे ती वाढवता येईल ना, हे तीन प्रश्न दुकानात विचारावेत. शेवटचा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, पण पाच वर्षांनी पैसे वाचवणारा तोच असतो.

जुना संगणक काढून टाकताना तो भंगारवाल्याच्या गाड्यावर देऊ नये. त्याच्या पाट्यांमध्ये शिसे असते आणि उघड्यावर तारा जाळून तांबे काढणाऱ्यांची फुप्फुसे त्याची किंमत मोजतात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. अधिकृत संकलन केंद्र शोधण्याचा त्रास घ्यायला हवा.

हा फक्त ग्राहकाचाच प्रश्न आहे का?

नाही, आणि म्हणूनच टिपा देऊन थांबता येत नाही. झाकण चिकटवलेले लॅपटॉप, डाखलेली रॅम, न मिळणारे सुटे भाग आणि यंत्र धडधाकट असताना सॉफ्टवेअरचा आधार काढून घेणे, हे निर्णय ग्राहक घेत नाही. त्याचा भुर्दंड मात्र त्याच्या माथी येतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कंपन्यांच्या दुरुस्तीविषयक माहितीचे पोर्टलही सुरू केले. माहिती देणे ही सुरुवात झाली. वस्तू विकताना ती किती काळ दुरुस्त होऊ शकेल आणि किती वर्षे सुरक्षित राहील, हे किमतीइतक्याच ठळकपणे खोक्यावर छापण्याची सक्ती हवी.

शाळा, ग्रामपंचायती आणि सरकारी कार्यालये यांनीही हा विचार करायला हवा. जिल्हा परिषदेच्या शाळेत कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेले संगणक अनेकदा मेलेले नसतात. त्यांना एक एसएसडी, थोडी रॅम आणि झाडून काढलेला पंखा हवा असतो. नव्या खरेदीच्या निविदेआधी जुन्या यंत्रांची अशी तपासणी सक्तीची केली, तर त्याच पैशात अधिक मुलांसमोर चालता संगणक येईल.

तोवर प्रत्येक घराला एवढे नक्की करता येईल. नव्या लॅपटॉपचा हप्ता ठरवण्यापूर्वी एका सुटीच्या दिवशी टास्क मॅनेजर उघडावा, माथ्याला टेकलेला आलेख शोधावा, फुकटचे उपाय आधी करावेत आणि गरज पडली तर एकच भाग बदलावा. एवढे करूनही यंत्र हलले नाही, तर नव्या संगणकासाठी पैसे मोजताना ते का मोजतो आहोत, हे तरी नीट ठाऊक असेल.